कल्हईवाला सम्राट आणि बंद गिरणी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सप्तकोट साम्राज्याचा सम्राट भर दरबारात बोराची आठळी घशात अडकून वारला, ही बातमी खरी आहे. त्याच्या जागी गादीवर बसलेला इसम एक फिरता कल्हईवाला होता, हेही खरं आहे. साम्राज्याला त्या वेळी उलट्या पायांच्या सैन्याचा वेढा पडलेला होता, याबद्दलही दुमत नाही. आणि सम्राट, आठळी, कल्हईवाला, वेढा व त्यातला एकूण एक उलटा पाय हे सगळं मी एकटीनं, बारावीच्या वर्षी, गिरणीच्या मागच्या खोलीत बसून जन्माला घातलं, हे तर सर्वांत खरं आहे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींवर आमच्या गावाचा पूर्ण विश्वास आहे. चौथीवर नाही. मागच्याच लग्नसराईत एका पाहुण्या बाईंनी मला जेवणाच्या पंगतीत विचारलं, “तुमच्या गावात ते दिगंबरतात्या कल्हईवाल्याची पोथी सांगायचे म्हणं. तुम्ही ऐकलीय का हो कधी?” ऐकलीय का! हातातला बुंदीचा द्रोण मी त्यांच्या मांडीत उपडा केला नाही, एवढीच काय ती वयाबरोबर आलेली समज.

लोहाऱ्याहून येणारी जीप ज्या वळणावर निम्मी माणसं उतरवते, त्या वळणावर आमचं घर होतं आणि घराचा पुढचा अर्धा भाग म्हणजे पिठाची गिरणी. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. ते घरी असले तरी झोपलेले असायचे. गिरणी चालवायचे त्यांचे धाकटे भाऊ आप्पा. चालवायचे म्हणजे दारातल्या खुर्चीवर बसून आल्यागेल्याला रामराम घालायचे. डबे उचलणं, वरच्या पेटीत धान्य ओतणं, मोटरीवर पट्टा चढवणं, खाली पडणारं पीठ चिमटीत घेऊन दगड आवळणं, हे आईकडे. गिरणी सुरू झाली की आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, सगळे ओरडायचे. पट्ट्याची फटफट, तिच्याखाली दगडांची घरघर आणि त्या दोन्हींच्या डोक्यावर गोदाआत्याचा आवाज. आत्या ही दादा-आप्पांची थोरली बहीण. फार लहान वयात माहेरी परत आलेली आणि तेव्हापासून घरातल्या देवांची, सोवळ्याओवळ्याची आणि माझी व्यवस्था बघणारी. “रत्ने, दात काढू नको. रत्ने, उंबऱ्यावर बसू नको. रत्ने, काय त्या कागदात तोंड घालून बसलीस, डोळे जातील.” तीन फेजच्या मोटरीवर मात करणारा दुसरा आवाज मला आयुष्यात भेटला नाही.

पिठाला आपपर नव्हतं. दुपारपर्यंत आईच्या, आप्पांच्या आणि भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोच्या भुवया सारख्याच पांढऱ्या व्हायच्या. कुणी आमटीचं येसर दळायला आणलं की भाजलेल्या डाळींचा आणि धन्यांचा वास मागच्या खोलीपर्यंत यायचा आणि मी साम्राज्याचा कारभार अर्धा टाकून गिरणीच्या दारात जाऊन उभी राहायची. ज्याचं येसर त्याला सगळं मापून परत जायचं. पण दगड थोडं खातोच, आणि दगडानं खाल्लेलं आई ब्रशनं झाडून वाटीत घ्यायची. त्या वाटीची आमटी, तव्यावरून थेट ताटात पडलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी आज चांगल्या हॉटेलांत जेवते, भाषणं करते, हार घेते. पण दगडाच्या उष्ट्याची ती चव मला पुन्हा कुणी वाढलेली नाही.

त्या वर्षी लाईटचं काही खरं नव्हतं. वेळापत्रक होतं, पण ते लाईटला कुणी वाचून दाखवलं नसावं. लोक डोक्यावर डबे घेऊन यायचे, ओट्यावर टेकायचे, बंद पडलेल्या गिरणीकडे बघायचे आणि थोड्या वेळानं “बगू तिकडं” म्हणून उठायचे. तिकडं म्हणजे स्टँडजवळ. तिथल्या गिरणीवाल्यानं डिझेल इंजिन आणलं होतं आणि त्याचं टकटक आमच्या ओट्यावर ऐकू यायचं. आप्पा खुर्चीत बसून ते टकटक ऐकायचे, आणि कुणीतरी आपल्याच छातीवर हातोडी मारत असावं तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

मी मागच्या खोलीत अभ्यासाच्या नावाखाली फुलस्केप कागदांवर सप्तकोट उभारत होते. त्या साम्राज्यात नियम असा की सम्राटाचं तोंड कुणी बघायचं नाही. तो दरबाराकडे पाठ करून बसतो. त्यामुळे सम्राट मेला तेव्हा प्रधानाला त्याच्यासारखं तोंड शोधावं लागलं नाही, पाठ शोधली की भागलं. तशी रुंद, जराशी पोक आलेली पाठ वेशीबाहेर भाता मारत बसलेल्या टिकाजी कल्हईवाल्याची निघाली. त्याला उचलून आणून गादीवर बसवलं. बाहेर वेढा. वेढा घालणाऱ्यांचे पाय उलटे, त्यामुळे मातीतली पावलं बघून हेर येतात आणि सांगतात, “महाराज, शत्रू येतोय.” दुसरा हेर येऊन सांगतो, “जातोय.” टिकाजीला युद्धातलं ओ की ठो कळत नाही. प्रधान विचारतो, “महाराज, तोफांचं काय?” तर हा म्हणतो, “आधी घरोघरची भांडी आणा.” सगळ्या राजधानीच्या भांड्यांना कल्हई लावून तो ती तटावर उन्हात मांडतो आणि शत्रूच्या घोरपडी, कारण ते सैन्य घोरपडींवर बसून आलेलं, डोळे दिपून एकमेकींवर आपटतात. शेवट मी पहिल्यापासून ठरवला होता. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर एक दिवस टिकाजी गादीवर बसल्या जागी वळणार, दरबाराला तोंड दाखवणार आणि म्हणणार, “मी कल्हईवाला. राज्य मी चालवलं. माझं नाव घ्या आणि मला जाऊ द्या.” त्या एका वळण्यासाठी मी सगळे कागद भरत होते.

एका दुपारी लाईट गेली, ओट्यावरची बायामाणसं कमरेवर हात ठेवून उठली आणि आप्पांचा धीर सुटला. ते मागच्या खोलीत आले, माझ्यापुढचे कागद उचलले आणि बाहेर जाऊन म्हणाले, “थांबा, थांबा. एक मज्जा वाचून दावतो.” आता आप्पांची अडचण अशी की मोठ्यानं वाचायला ते श्रावणातल्या पोथीवर शिकलेले. त्यांना सुरात वाचता यायचं, नुसतं वाचता यायचं नाही. मी लिहिलं होतं, ‘सम्राट बोरं खात होता.’ आप्पांनी डोळे अर्धे मिटले आणि गळा काढला, “सम्राऽट बोऽरं खाऽत होताऽऽ.” ओट्यावर काय झालं ते मी आतल्या दारातून डोळ्यांनी पाहिलं. एका म्हाताऱ्यानं विडी विझवली. दोघांनी चपला काढून खाली ठेवल्या. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. आठळी अडकून सम्राट मेला, जिथं माझ्या हिशेबानं माणसानं पोट धरून हसायला हवं, तिथं कुणीतरी हात जोडले.

“कुठली म्हणायची ही पोथी, आप्पा?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“जुनी हाय.”

“कुणी रचली?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात मान ताठ करून, चेहऱ्यावर योग्य तेवढा विनय आणून उभी होते. आप्पा ओट्याकडे वळले आणि म्हणाले, “ते शेवटी कळंल. आपल्या रत्नीनं उतरून काढलीया. अक्षर लई चांगलं हाय तिचं.”

उतरून काढलीया! त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आप्पा समजूत काढायला आले. “आगं, कादंबरी म्हणलं तर कोण बसंल? त्यात बारावीच्या पोरीची. पोथी म्हणलं की माणूस हलत न्हाई. लावलेली पोथी अर्धी टाकून डिझेलवर जायची कुणाची छाती हाय का?”

“मग मी वाचते.”

“चार गडीमाणसांत पोरीचा आवाज बरा दिसतो व्हय?”

“आणि माझं नाव?”

“समाप्तीला घिऊ की. पोथीत नाव शेवटीच आसतंय.” त्यांनी गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ घेतली. मी त्या शपथेवर जेवले. सतराव्या वर्षी माणूस कशावरही जेवतो.

पोथी लागली म्हटल्यावर दिगंबरतात्या आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मुंगळ्याला गुळाचं आमंत्रण लागत नाही. गावात कुठलीही पोथी असो, एकानं वाचायची आणि तात्यांनी मांडीवर उपरणं टाकून तिचा अर्थ सांगायचा, ही रीत होती. रीत चांगली आहे. पण ज्या पोथीचा अर्थ लिहिणारीला माहीत आहे, ती लिहिणारी भिंतीपलीकडे जिवंत आहे आणि दात-ओठ खाते आहे, तिथं ती लागू करू नये, असं माझं आजही मत आहे. आप्पांनी वाचलं, सम्राट दरबाराकडे पाठ करून बसतो. तात्या म्हणाले, “म्हंजी काय? तर निर्गुण. देवाला तोंड नसतंय.” आप्पांनी भांड्यांची कल्हई वाचली. तात्या म्हणाले, “म्हंजी ज्ञानाचा उजेड.” आप्पांनी उलट्या पायांचं सैन्य वाचलं, आणि तात्या डोळे मिटून म्हणाले, “हे म्हंजी माणसाचं मन. येतंय का जातंय, कळत न्हाई.” सगळा ओटा डोलला. मन! मी एकेका शिपायाला टाच पुढं आणि बोटं मागं लावून उभा केला होता, घोरपडीवर बसताना त्याचे पाय कुठं अडकतील याचा आठवडाभर विचार केला होता, आणि हा माणूस एका दमात सगळी फौज मनात घालून मोकळा झाला!

आत्यानं तर मला माझ्याच कादंबरीतून हद्दपार केलं. आईनं पोत्याच्या दाभणानं माझे कागद शिवून दिले होते. आत्यानं ते तांबड्या कापडात गुंडाळले आणि देवघरात चौरंगावर ठेवले. रोज सकाळी आंघोळ करून ती पोथीला हळदकुंकू वाहायची, डोकं टेकून नमस्कार करायची आणि उठता उठता मला म्हणायची, “उठ गं म्हशी, सूर्य डोक्यावर आला.” पुढं राजधानीत धान्य संपल्याचा अध्याय वाचून झाला, तर दुसऱ्या दिवसापासून नैवेद्यात एकाच्या दोन भाकऱ्या आल्या. “आत माणसं उपाशी हायत,” आत्या म्हणाली. एक शब्द मला खोडायचा होता, एकच, घोरपडींच्या लढाईतला. मी कापड सोडलं तर आत्यानं माझ्या हातावर फटका मारला. “पोथीत खाडाखोड करतीस? किडे पडतील हाताला.” आज माझ्या छापलेल्या पुस्तकांत संपादक लोक वाट्टेल ते खोडतात. त्यांना मी आत्याच्या हवाली करायला हवं होतं.

टिकाजीचं लग्न झालं त्या दिवशी तर कहर झाला. लाईट नव्हतीच. आप्पा सुरात मंगलाष्टकापर्यंत आले मात्र, बायका डब्यांत हात घालून उठल्या आणि दळायला आणलेली ज्वारी अक्षता म्हणून मूठमूठ पोथीवर उधळू लागल्या. पहिल्या रांगेत बसम्मा. ती कर्नाटकच्या सीमेकडच्या मुरूम गावची, लेकीकडे राहायला आलेली, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी बोलणारी. तिच्या डब्यात मुळात दोन शेर जोंधळा, तो तिनं सगळा उधळला आणि रिकामा डबा वाजवत म्हणाली, “जोडा छान दिसतंय!” आई दुसऱ्या दिवसापर्यंत कोपऱ्यांतून ज्वारी झाडत होती. आणि त्यानंतर एक विचित्र गोष्ट होऊ लागली. लाईट आली की ओट्यावर शिव्या ऐकू येऊ लागल्या. “आत्ताच यायची व्हती का हिला!” गिरणी सुरू झाली की आप्पांचा आवाज ऐकू यायचा नाही ना. स्टँडजवळचं डिझेल इंजिन एकटंच टकटकत राहायचं.

मी हे सगळं गिळलं. निर्गुण गिळलं, मन गिळलं, नैवेद्य तर अक्षरशः गिळला, कारण तो शेवटी माझ्याच ताटात यायचा. पण मग तात्यांनी एक दिवस सहज म्हणावं तसं म्हटलं, “हा टिकाजी साधा कल्हईवाला न्हाई बरं का. राज्य करायचं म्हंजी रक्तच लागतंय. ह्याच्या पाठीवर राजलक्षण आसणार. बगा तुम्ही.” आणि ओटा म्हणाला, “आसंल, आसंल. त्याशिवाय का.” मी जेवताना आप्पांवर तुटून पडले. “तो कल्हईवाला आहे! बाप कल्हईवाला, आजा कल्हईवाला. त्यातच तर गंमत आहे!”

“आसू दे की तुझा कल्हईवाला,” आप्पा भाकरी मोडत म्हणाले. “लोकांस्नी बरं वाटतंय राजाचं रक्त म्हणलं की. तुझं काय जातंय?”

माझं काय जातंय ते मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नाही. आज येतं. ज्याला कल्हईवाल्यानं राज्य चालवलेलं खपत नाही, त्याला गिरणीवाल्याच्या पोरीनं राज्य लिहिलेलं कसं खपणार? आई तेव्हा चुलीपुढं बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्या ताटात टाकली. आप्पांना तिनं पुढची भाकरी बऱ्याच उशिरा वाढली, एवढं मला आठवतं.

समाप्तीचा दिवस ठरला. नारळ आला, हार आला, शिऱ्यासाठी रवा-साखर आली. आणि नेमकी त्याच्या आदल्या दिवशी मी बाजूला बसले. आमच्याकडे बाजूला बसलेल्या मुलीनं मागच्या पडवीत बसायचं, कशाला शिवायचं नाही. शेवटचा अध्याय मी त्या पडवीतच लिहून पुरा केला. टिकाजी वळला, बोलला, आणि खाली शेवटच्या ओळीत मी माझं पूर्ण नाव लिहिलं. सकाळी मी ते कागद आत्यापुढं धरले तर ती अंग चोरून दोन हात मागं सरली.

“ते न्हाई पोथीत जायाचे. इटाळात लिवल्यात.”

“अगं, मग समाप्ती कशाची करणार? शेवट ह्यात आहे.”

“तात्यांस्नी शेवट ठावं हाय,” आत्या म्हणाली आणि शिरा ढवळायला गेली.

तात्यांना माझ्या कादंबरीचा शेवट ठाऊक होता! मी आप्पांना हाक मारली. ते पडवीच्या दाराशी आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता अक्काच्या फुडं म्या काय बोलणार,” आणि गेले. कागदांना कुणी हात लावेना. पडवीच्या भिंतीला गिरणीकडे उघडणारा एक झरोका होता. त्याला डोळा लावून मी माझ्या स्वतःच्या पुस्तकाची समाप्ती बघायला बसले. गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर, डब्यांवर, पोत्यांवर माणसं. तांबड्या कापडातली माझी कादंबरी चौरंगावर, तिला हार. आत्या आरतीचं ताट घेऊन शेजारी. आई नेहमीच्या जागी, स्टार्टरजवळ भिंतीला टेकून.

आप्पांनी होतं तेवढं वाचलं. मग तात्यांनी उपरणं झटकलं. “तर आता ऐका. टिकाजी म्हंजी कोण? थोरल्या सम्राटाचा जुळा भाऊ! ल्हानपणी पुरात व्हावून गेला, कल्हईवाल्यानं वाढीवला. रक्त कुठं जातंय? गादीवर बसला आन् सुखानं राज्य केलं.” सगळे म्हणाले, “व्हय, व्हय, वाटलंच होतं.” कुणीतरी विचारलं, पोथी रचली कुणी? तात्यांनी आढ्याकडे पाहिलं. “कुण्या जुन्या सत्पुरुषानं. नाव न्हाई लिवलं. मोठी माणसं नाव सांगत न्हाईत.”

माझ्या नावाचे कागद माझ्या हातात होते! मी झरोक्याला तोंड लावलं आणि ओरडले, “खोटं आहे! जुळा भाऊ नाही नि फिऊ नाही. टिकाजी कल्हईवालाच आहे!”

सगळी गिरणी भिंतीकडे वळली. “रत्ने, गप!” आत्या म्हणाली. “बाजूला बसलीस नव्हं? लाज न्हाई?”

“मी कुणाला शिवत नाही, आत्या. मी नुसती बोलतेय. आवाजाला विटाळ असतो का?”

तात्यांच्या मांडीवरचं उपरणं खाली घसरलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बसम्मानं डबा आपटला. “आमच्यात इटाळबिटाळ कायसुद्धा मानत न्हाईत. हेळव्वा, हेळ!” म्हणजे, सांग बाई, सांग. आणि मागून दोन-तीन बायकांचे आवाज आले, “सांगू द्या की. ऐकून तर बगू.”

मी झरोक्यातून वाचू लागले. सुरात नाही, नुसतं. टिकाजी गादीवर बसल्या जागी वळतो. दरबारातले लोक डोळ्यांवर हात घेतात. मग एकेक बोट बाजूला करून बघतात. ते तोंड भट्टीच्या धुरानं काळवंडलेलं असतं, कपाळाला नवसागराची राख असते. मी तिथपर्यंत आले आणि गिरणीतला पिवळा दिवा लागला. लाईट आली. लोकांनी वर दिव्याकडे पाहिलं, आणि आप्पांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद मी इतक्या लांबून पाहिला. “वैनी, टाका स्टार्टर! दळणं तुंबल्यात!” मोटर सुरू झाली असती तर माझा आवाज माझ्याच कानाला आला नसता. आई हलली नाही.

“वैनी, आवं चालू करा की!”

“पट्टा निसटलाय,” आई म्हणाली. पट्टा मला झरोक्यातून समोर दिसत होता. चाकावर अगदी जिथल्या तिथं होता. आप्पांनाही दिसत होता. आईनं स्टार्टरपुढं उभं राहून पदर खोचला, आणि आप्पा खाली बसले.

मी शेवटापर्यंत वाचलं. टिकाजीनं आपलं नाव सांगितलं, मी माझं वाचायला श्वास घेतला, तर बसम्मा मधेच म्हणाली, “आन् येढा? त्ये बाहीर बसलेली माणसं? त्येंचं काय झालं गं?”

आता खरं सांगते, वेढा मी साफ विसरले होते. कागदावर त्याचा एक शब्द नव्हता. पण प्रश्न आला आणि उत्तर जिभेवर आलं. “वेढा कधीच उठला होता,” मी म्हणाले. “त्यांचे पाय उलटे ना? पावलं बघून आपले हेर ‘येतायत, येतायत’ म्हणाले, तेव्हाच ते निघून गेले होते. बाकी सगळे दिवस राजधानी उगाच दारं लावून बसली होती.” आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळी गिरणी. पोथी लागल्यापासून पहिल्यांदा कुणी माझ्या कादंबरीला हसत होतं. मला रडू यायला लागलं.

“आन् राणी?” मागून एका बाईनं विचारलं.

“राणीनं भाता उचलला आणि त्याच्या मागं निघाली. भांडी घासायला तिला आधीपासून येत होतं, महालात कुणी विचारलं नव्हतं एवढंच.”

तात्या सावरले होते. “हे कुठल्या पानावर लिवलंय, पोरी? मूळ पोथीत दाव.”

“कुठल्याच पानावर नाही. आत्ता सुचलं.”

“आसं कसं सुचंल?”

“बाकीचंही असंच सुचलं, तात्या. मूळ पोथी कुठंच नाही. ही कादंबरी रत्नमाला विश्वनाथ हिनं लिहिली. गिरणीवाल्यांच्या. समाप्त.”

तात्यांनी लगेच हात जोडून, डोळे भरून, सगळ्यांना म्हटलं, “बगा! बगा माय! सत्पुरुष पोरीच्या मुखातनं बोलायलाय!” माणसं माना डोलवू लागली. हीच ती घटका. ह्याच घटकेपासून आजपर्यंत माझं गाव मला पोथीचा भोंगा समजतं. मी झरोक्याची कड दोन्ही हातांनी धरली. गज नसते तर मी त्यातून आत आले असते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे तांबड्या कापडाकडे बघत होते. फक्त गोदाआत्या, जी शेवटचा नमस्कार करायला ताट घेऊन पोथीपुढं अर्धी वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली. तिनं पोथीकडे पाहिलं. मग मान वळवून झरोक्याकडे पाहिलं. पुन्हा पोथीकडे पाहिलं. आणि मोटरीला हरवणाऱ्या त्या आवाजात, सगळ्या गावादेखत, ओरडली:

“आगं बया! म्हंजी म्या म्हैनाभर रोज सकाळी ह्या रत्नीच्याच पाया पडत हुते व्हय!”